डोंगराळ जमिनीसाठी सेकंड हँड ट्रॅक्टर घ्यायचाय? गावी जमीन असलेल्या मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

गणपतीला नाहीतर शिमग्याला गावी जाऊन आलं की भांडुप, दिवा, नालासोपारा, लालबाग सगळीकडून हेच प्रश्न सुरू होतात. बैल राहिले नाहीत, गडी मिळत नाही, वरकस (डोंगरउताराची हलकी) जमीन ओसाड पडलीय, मग एखादा जुना ट्रॅक्टर घेऊन टाकू का. विचार चांगलाच आहे, जमीन पुन्हा कसली गेली पाहिजे असं मलाही मनापासून वाटतं. पण सपाट देशावरचा ट्रॅक्टर निवडायची पद्धत आपल्या कोकणातल्या उताराला लागू करू नका. तिकडे एचपी आणि किंमत बघून सौदा होतो, इकडे आधी ब्रेक, मग चाकांमधलं अंतर, मग वजन आणि सगळ्यात शेवटी एचपी. हा क्रम लक्षात ठेवून पुढचं वाचा.

आमची जमीन ट्रॅक्टर चालण्याएवढी आहे की नाही हे कसं ओळखायचं?

नुसतं डोळ्यांनी बघून सांगू नका, डोळा उताराच्या बाबतीत फार फसवतो, खालून बघितलं तर भिंत वाटते आणि वरून बघितलं तर काहीच वाटत नाही. दहा फुटांची सरळ काठी किंवा दोरी घ्या, एक टोक वरच्या बाजूला जमिनीला टेकवा, दुसरं टोक गवंड्याच्या लेव्हलने आडवं समतल धरा आणि त्या टोकापासून खाली जमीन किती फूट आहे ते मोजा. २ फूट आलं तर २० टक्के उतार, म्हणजे साधारण ११ अंश. ३ फूट आलं तर ३० टक्के, जवळपास १७ अंश. फोनमधल्या लेव्हलच्या ॲपनेही अंश कळतात, फक्त काठी उताराच्या दिशेने जमिनीवर टाकून फोन तिच्यावर ठेवा, थेट जमिनीवर ठेवला तर प्रत्येक ढेकळाला वेगळा आकडा येईल.

माझं मत असं की २० टक्क्यांच्या आत असेल तर योग्य ट्रॅक्टर आणि सावध ड्रायव्हर असताना काम होतं, त्याच्या पुढे मी उतारावर आडवा ट्रॅक्टर चालवू देणार नाही. आणि हे कोरड्या जमिनीचं झालं. आपली जांभ्याची लाल माती पहिल्या पावसात कशी निसरडी होते ते गावात वाढलेल्याला सांगायला नको. शिवाय उतार सगळीकडे सारखा नसतो, एखाद्या ठिकाणी खालच्या बाजूचं चाक खड्ड्यात गेलं किंवा वरच्या बाजूचं चाक दगडावर चढलं की तेवढ्या क्षणापुरता तुमचा ११ अंशाचा उतार १७-१८ चा होतो, आणि ट्रॅक्टर पलटी होतात ते बहुतेक अशाच जागी.

किती एचपीचा घ्यावा?

कोकणातल्या खाचरांना आणि बांधांना १५ ते २८ एचपी पुष्कळ झाले. युवराज २१५, स्वराज ७१७ हे १५ एचपीचे, जिवो २४५, कुबोटा बी २४४१ हे २४ चे, जॉन डीअर ३०२८ हा २८ चा. २४ एचपीवर साधारण साडेतीन फुटांचा रोटाव्हेटर आरामात चालतो. ४५ एचपीचा गडी दोन टनांच्या आसपास असतो, तो बांधावरून उतरवताना बांधच खाली येतो आणि गडग्यातून (दगडी कुंपणातून) आत न्यायलाही जागा नसते. गावातला कोणीतरी नक्की सांगणार की मोठा घे, भाड्याने देता येईल. भाडं सपाटीवरच्या गावात मिळतं. ज्या वाडीत पाखाडीने चढून जावं लागतं तिथे मोठा ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहतो.

टू व्हील घ्यावा की फोर व्हील?

टू व्हीलमध्ये इंजिनची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते, फोर व्हीलमध्ये लिव्हर टाकला की चारही चाकांना. उतारासाठी फोर व्हील. पैसे कमी पडत असतील तर जास्त जुना चालेल पण फोर व्हील बघा, एवढं मी ठामपणे सांगतो.

लोकांना वाटतं फोर व्हील फक्त चढायला आणि चिखलातून निघायला. खरा उपयोग उतरताना आहे. बहुतेक ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या चाकांवरच असतात. उतरताना वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात, आणि नेमकं त्या हलक्या झालेल्या चाकांवरच ब्रेक मारला तर ती लॉक होऊन घसरतात. फोर व्हील टाकलेला असला की पुढचा ॲक्सल गिअरबॉक्सशी जोडलेला असतो, त्यामुळे इंजिनची रोख आणि ब्रेक दोन्ही पुढच्या चाकांपर्यंत पोचतं. म्हणून शेतातल्या उतारावर फोर व्हील टाकूनच उतरायचं. डांबरी रस्त्यावर मात्र काढून ठेवा, नाहीतर टायर आणि पुढचे गिअर दोन्ही झिजतात.

जुना फोर व्हील बघताना पुढच्या आणि मागच्या टायरची साईज कंपनीने दिलेलीच आहे का ते बघा. पुढच्या-मागच्या चाकांचा वेग ठरावीक प्रमाणात जुळवलेला असतो, कोणी स्वस्तात वेगळ्या मापाचा टायर टाकला असेल तर पुढचा गिअर आतून कायम ताणाखाली राहिलेला असतो. दुसरं म्हणजे पुढच्या ॲक्सलचं ऑईल थोडं काढून बघायला सांगा. दुधासारखं पांढरट निघालं तर सील गेलंय आणि चिखलणीचं पाणी आत शिरलंय. भातातल्या ट्रॅक्टरला हे फार होतं, आणि तो खर्च छोटा नसतो.

तासगाव-नाशिककडे द्राक्षबागेतले मिनी ट्रॅक्टर स्वस्तात मिळतात, ते घ्यावेत का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर जरा लांबेल. महाराष्ट्रात सेकंड हँड मिनी ट्रॅक्टर येतात ते मुख्यतः द्राक्ष आणि डाळिंबाच्या पट्ट्यातून, म्हणजे नाशिक, तासगाव, पंढरपूर, सांगोला. तिथे शेतकरी ट्रॅक्टर सांभाळतात, सर्व्हिसिंग वेळेवर करतात. इथपर्यंत सगळं चांगलं.

आता अडचण. हे ट्रॅक्टर द्राक्षाच्या दोन ओळींमधून जायला बनवलेत, म्हणजे मुद्दाम अरुंद, कितीतरी मॉडेल तीन-साडेतीन फूट रुंदीची. सपाट बागेत अरुंद असणं फायद्याचं. आपल्याकडे उतारावर तेच जिवावर बेततं, कारण ट्रॅक्टर आडवा कलंडायचा की नाही हे मुख्यतः दोनच गोष्टींवर ठरतं, वजनाचा मध्य किती उंच आणि दोन चाकांमध्ये अंतर किती. म्हणून एकाच मॉडेलचे दोन ट्रॅक्टर असतील तर टेप लावून मागच्या दोन टायरच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि रुंद तो घ्या. बऱ्याच मॉडेलमध्ये मागच्या चाकाची डिस्क उलटी लावून चाकं बाहेर काढता येतात, मालकाला किंवा मेकॅनिकला विचारा की यात होतं का, आणि किती इंच. होत असेल तर घेतल्यावर पहिलं काम तेच.

दुसरं, बागेतल्या ट्रॅक्टरने आयुष्यभर ब्लोअर (औषध फवारायचं यंत्र) चालवलेला असतो. म्हणजे चाकं कमी फिरलीत पण पीटीओ, म्हणजे अवजाराला इंजिनची ताकद देणारा मागचा फिरता दांडा, सतत फिरलाय. टायर नवेकोरे दिसतील, इंजिन आणि पीटीओ मात्र खूप चाललेले असतील. फवारणीच्या औषधांनी मागच्या बाजूचे पत्रे, पिना, वायरिंग गंजलेलं असतं, सीट उचलून खाली बघा.

एक चांगली सोय सांगतो, फारशी कोणाला माहीत नसते. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर टेस्टिंगची संस्था आहे. तिथे तपासलेल्या मॉडेलचे रिपोर्ट निघतात आणि त्यात वजन, चाकांमधलं अंतर, ब्रेकची चाचणी, वजनाचा मध्य कुठे आहे हे सगळं लिहिलेलं असतं. मॉडेल ठरलं की त्याचा रिपोर्ट शोधून वाचा, डीलरच्या तोंडी माहितीपेक्षा हा कागद खरा.

ब्रेक कसे तपासायचे?

ऑईलमध्ये बुडालेले ब्रेक असतील तर उत्तम. कोरड्या डिस्कचे ब्रेक चिखल-पाणी आत गेलं की धरत नाहीत, आणि आपल्याकडे चार महिने चिखल-पाणीच असतं.

ट्रॅक्टरला डावा आणि उजवा असे दोन ब्रेक पॅडल असतात आणि ते जोडायला एक छोटी पट्टी असते. पहिल्यांदा ती पट्टी जागेवर आहे का बघा. जुन्या ट्रॅक्टरवर ती हमखास गायब असते, कारण नांगरताना वळायला एकेरी ब्रेक लागतो म्हणून कोणीतरी काढून टाकलेली असते. रस्त्यावर आणि उतारावर दोन्ही पॅडल जोडलेलेच पाहिजेत, नाहीतर घाईत एकच दाबला गेला की ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो आणि पलटी होतो. मग सपाट जागी हळू वेगात दोन्ही एकदम दाबून बघा, सरळ थांबला पाहिजे, एका बाजूला ओढायला नको. त्यानंतर खऱ्या चढावर नेऊन हँडब्रेक लावा आणि गिअर न्यूट्रल करून बघा जागेवर उभा राहतो का (मागे-पुढे माणूस उभा करू नका). विकणारा म्हणाला की इथे चढ कुठेय, तर जवळचा पूल नाहीतर कॅनॉलचा भराव शोधा, पण हे केल्याशिवाय पैसे देऊ नका.

मागे ती लोखंडी कमान असते, ती खरंच लागते का? फांद्यांना अडते म्हणून लोक काढतात.

लागते. फांद्या छाटा, कमान ठेवा.

तिला रोप्स म्हणतात. ट्रॅक्टर उलटला तर ती सीटभोवती माणसाला जागा राखते, पण सीट बेल्ट लावलेला असेल तरच, नाहीतर माणूस बाहेर फेकला जाऊन कमानीखालीच येतो. आणि याच्या उलट, कमान नसलेल्या ट्रॅक्टरवर बेल्ट लावू नका. आपल्याकडच्या जुन्या ट्रॅक्टरवर बहुतेक वेळा कमान नसतेच. असलेला मिळाला तर थोडे पैसे जास्त द्या. गावच्या फॅब्रिकेटरकडून पाइप वाकवून घेतलेली कमान ही कमान नव्हे, खरी कमान ठरावीक भार घालून तपासलेली असते.

मागच्या मागे उलटण्याबद्दल थोडं सांगतो, कारण त्यात सावरायला वेळच मिळत नाही. चढावर क्लच झटकन सोडला किंवा ओंडका ओढताना साखळी वरच्या लिंकला (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याला) किंवा ॲक्सलला बांधली की पुढची चाकं उचलतात आणि साधारण दीड सेकंदात ट्रॅक्टर पूर्ण उलटा होतो. माणसाला कळेपर्यंत परत फिरायची वेळ निघून गेलेली असते. ओढायचं असेल ते नेहमी खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे मागच्या ओढायच्या पट्टीलाच.

इंजिनमध्ये काय बघायचं? आम्हाला त्यातलं काही कळत नाही.

जाण्याआधी फोन करून सांगा की आमच्यासाठी चालू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा, गरम असेल तर चहा घ्या, गार होऊ द्या, मग स्टार्ट करायला सांगा. थंड इंजिन एक-दोन सेल्फमध्ये सुरू झालं पाहिजे.

धूर बघा. निळसर धूर राहत असेल तर ऑईल जळतंय. लोडवर खूप काळा येत असेल तर एअर फिल्टर चोक किंवा पंप-नोझलचं काम. पांढरा धूर सुरुवातीला थोडा आला तर ठीक, गरम झाल्यावरही येत राहिला तर सोडून द्या. डिपस्टिकवर ऑईल चहासारखं दुधाळ दिसलं तर पाणी मिसळलंय. ऑईल भरायचं झाकण चालू इंजिनवर हळूच उघडा, आतून भकाभका वाफ-धूर येत असेल तर पिस्टन-रिंग संपल्या. एवढं कोणीही करू शकतो, पण तरी गावचा जो मेकॅनिक पुढे ट्रॅक्टर बघणार आहे त्याला एक दिवसाची मजुरी देऊन सोबत न्या. उद्या बिघडला तर त्यालाच बोलवायचंय, मग निवडताना त्याचाही शब्द असू दे.

५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून ट्रेम ४ चे, म्हणजे इंजिनच्या धुराचे, नवे नियम लागू झाले, तिथे इलेक्ट्रॉनिक्स वाढलं. आपल्या मापाचे लहान ट्रॅक्टर त्यात येत नाहीत, त्यामुळे संगमेश्वर-लांज्याचा मेकॅनिकही ते उघडू शकतो.

मीटरवर कमी तास दाखवतात, खरे असतात का?

मीटर बंद पडतं, बदललं जातं. पॅडलचं रबर, स्टिअरिंगची झीज, मागच्या हुकचं भोक बघा. भोक गोल न राहता लांबट झालं असेल तर ट्रॉली भरपूर ओढलीय, आणि ऊसपट्ट्यातला असेल तर ऊसच ओढलाय, म्हणजे क्लच आणि ब्रेकचं काम निघणार असं धरून चाला. टायरवर चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, ते गाडीच्या वर्षाशी लावून बघा.

लिफ्ट आणि पीटीओ?

रोटाव्हेटर जोडून वर उचला, इंजिन बंद करा, दहा मिनिटं दुसरं बोलत बसा. भसकन खाली आला तर लिफ्टचं काम आहे. उतारावर अवजार आपोआप खाली येणं धोक्याचं, म्हणून हे सपाटीवाल्यांपेक्षा आपल्याला महत्त्वाचं. पीटीओ ५४० वर चालवून आवाज ऐका, आणि त्याच्यावर गार्ड आहे का बघा. नसेल तर लावून घ्या, लुंगी-टॉवेल-ओढणी क्षणात गुंडाळली जाते.

वजन घालायचं म्हणतात ते काय?

पुढे अवजार नसताना मागे रोटाव्हेटर लटकला की पुढचं टोक हलकं होतं, म्हणून पुढे कास्टिंगची वजनं लावतात. ट्रॅक्टर घेताना ही वजनं सोबत आहेत का विचारा, बरेच जण ती वेगळी विकून टाकतात. मागच्या टायरमध्ये पाणी भरता येतं, व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत, म्हणजे साधारण पाऊण टायर. हे वजन खाली राहतं त्यामुळे ट्रॅक्टर जमिनीला धरून बसतो. कोकणात पाणी गोठायचा प्रश्न नाही, साधं पाणी चालतं.

आम्ही मुंबईत, ट्रॅक्टर कराडला, गाव लांज्याला. कागदपत्रांचं काय?

नंबर मिळाल्याबरोबर एमपरिवहन या सरकारी ॲपवर टाकून बघा. मालकाचं नाव, विमा, आणि मुख्य म्हणजे बँकेचा बोजा आहे का. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, आणि एका आरटीओमधून दुसरीकडे, म्हणजे समजा एमएच ५० मधून एमएच ०८ ला आणायचा तर फॉर्म २८ ची एनओसी. आरसीला १५ वर्षं होत आली असतील तर नूतनीकरणाचा खर्च धरा. चेसिस आणि इंजिन नंबरवरची घाण पुसून ते स्वतः आरसीशी जुळवा. अनुदानावर घेतलेला ट्रॅक्टर असेल तर काही वर्षं विकायचा नाही अशी अट असू शकते, मंजुरीचं पत्र मागा. ट्रॉलीचे कागद वेगळे असतात, ते विसरतात सगळे.

नाव कोणाच्या करायचं हे घरात आधी ठरवा. सातबारा सामायिक, पैसे मुंबईच्या भावाचे, चालवणार गावचा पुतण्या, आणि आरसी तिसऱ्याच्या नावावर. अपघात झाला तर विम्याला आरसीवरचं नाव आणि चालवणाऱ्याचं लायसन्स लागतं. एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर हे लहान ट्रॅक्टर चालवता येतात, पण ते लायसन्स असलं पाहिजे.

घाटातून चालवत आणला तर भाडं वाचेल ना?

नको. कुंभार्ली असो, आंबा असो, टेम्पोत किंवा ट्रकमध्ये चढवून आणा. अनोळखी ब्रेक, जुने टायर, मागे एसटी आणि कंटेनर. चढवताना रॅम्प नीट असू दे आणि गाडीत चारही बाजूंनी साखळीने बांधा, फक्त हँडब्रेकवर सोडू नका.

ट्रॅक्टरऐवजी पॉवर टिलर घेतला तर?

खाचरं लहान, एकाखाली एक, आणि जायला पाणंदही नसेल तर हेच उत्तर आहे. १२-१३ एचपीचा व्हीएसटी किंवा कामकोचा टिलर चिखलणी करतो, बांधावरून फळी टाकून खाली उतरतो. चालवायला ताकद लागते, दिवसभर मागे चालावं लागतं, साठीच्या काकांना ते झेपेल का विचार करा. काजू-आंब्याच्या बागेत फक्त गवत काढायचं असेल तर टिलरही नको, चांगला ग्रास कटर घ्या.

गावी चालवणाऱ्याला काय सांगून ठेवायचं?

ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरायचं. उतारावर क्लच दाबायचा नाही, न्यूट्रल तर कधीच नाही, डिझेल वाचवायला लोक हेच करतात आणि मग ट्रॅक्टर हाताबाहेर जातो. उतारावर शक्यतो सरळ वर-खाली चालवा, आडवं वळण घ्यायचं तर वळणाची जागा सपाट करून ठेवा. टू व्हील असेल आणि चढ तीव्र असेल तर रिव्हर्समध्ये चढा आणि पुढे तोंड करून उतरा. अवजार खाली, जमिनीजवळ. डिफरेन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारा) लावून वळू नका. डिझेलची टाकी तळाला नेऊ नका, उतारावर कललं की लाईनमध्ये हवा शिरते आणि इंजिन मध्येच बंद पडतं. बांधाच्या काठापासून लांब, विशेषतः पावसात, कारण आतून पोखरलेला बांध वरून दिसत नाही. चिऱ्यांची ट्रॉली भरून उतरताना ट्रॉली मागून ढकलते, भार अर्धा करा.

आणि मडगार्डवर कोणी बसायचं नाही. पोरं तर नाहीच. सुट्टीत मुंबईहून मुलं जातात, त्यांना ट्रॅक्टरवर बसायचंच असतं आणि काकाही प्रेमाने बसवतो. मुलाला बसवायचंच तर उभ्या, बंद ट्रॅक्टरवर, चावी खिशात.

वर्षातून थोडेच दिवस चालणार, बाकी वेळ उभा राहणार, मग खराब होईल ना?

उभं राहूनच जास्त खराब होतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, टाकी भरून ठेवा म्हणजे आत दमटपणाने पाणी धरत नाही, रोटाव्हेटर जमिनीवर टेकवून ठेवा, आणि गावच्या माणसाला पंधरा दिवसांनी एकदा चालू करून थोडा फिरवायला सांगा. उंदीर वायरिंग खातात, बॉनेटखाली नजर टाकायला सांगा. पावसाच्या आधी ग्रीसिंग, आणि चिखलणी संपल्यावर धुऊन पुन्हा ग्रीसिंग, तेही पुढच्या ॲक्सलच्या मधल्या पिनेला आणि किंगपिनला (पुढचं चाक जिच्यावर वळतं त्या पिनेला) न विसरता.